फटफटी, सायलेन्सर आणि संन्यासी

‘फटफटी’ हा शब्द आपल्या घरांतून जवळजवळ हद्दपार झाला. फटफट मात्र राहिली. नुसती राहिली नाही, दसपट वाढली. रात्री अकराच्या सुमारास, आजारी माणसाचा नुकता कुठे डोळा लागलेला असताना, गल्लीतून एखादी बुलेट बंदुकीचे बार काढीत जाते. तान्ही पोरे दचकून उठतात, कुत्री भुंकत सुटतात आणि घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावून म्हणतात, ‘‘ही सगळी बंगळूरची हवा!’’ दिवाळीला मुलगा बंगळूरहून येताना कापलेल्या मडगार्डाची, उंच हँडलाची, एका सीटची गाडी घेऊन आला, तरी शेरा तोच. दोन्ही गोष्टी एकाच सुपात पाखडून आपण मोकळे होतो, आणि सरकारही याहून वेगळे काही करीत नाही.

मला भांडायचे आहे ते इथेच. गाडी घडविणारा वेगळा आणि गाडीचा गोंगाट वाढविणारा वेगळा. पहिला कारागीर आहे, दुसरा उपद्रवी आहे. आजचा कायदा, आजचे पोलीस आणि आजचे आईबाप या दोघांना एकाच दावणीला बांधतात. त्याचा परिणाम जो व्हायचा तोच होतो: चोर सुटतो आणि संन्याशाला सुळी!

बंगळूरला हे वेड कुठून आले, असे विचारणाऱ्यांनी थोडा नकाशा पाहावा. एका अंगाला मद्रास. तिथे १९५५ साली विलायती कंपनीच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट बनू लागली. विलायतेतली मूळ कंपनी पुढे बंद पडली, बुलेट मात्र मद्रासेत जगली. दुसऱ्या अंगाला म्हैसूर. तिथे आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी तयार होत. १९९६ मध्ये त्या कारखान्याला कुलूप लागले. या दोन गावांच्या मध्ये बंगळूर. आणि तिथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, एचएमटी यांसारख्या कारखान्यांमुळे पाव सुताचा फरक नुसत्या बोटाने ओळखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. कारखाना बंद पडला म्हणून गाडी मरत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मेस्त्री ते लेथवर घडवू लागले. जो भाग घडवता येतो तो बदलताही येतो, हे एकदा हाताला कळले की पुढचे सगळे ओघानेच येते.

जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे, शिवाजीनगरात जुन्या सामानाचा गुजरी बाजार आहे. एका टाकीचा सौदा तिथे दखनीत सुरू होतो, तमिळमध्ये अडतो आणि कन्नडमध्ये पटतो. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढलेल्या आपल्या मुलाला त्या गर्दीत परके वाटत नाही. उलट, दोन भाषांमध्ये ये-जा करण्याची जी सवय आपण ओझे समजतो, ती तिथे भांडवल ठरते. रविवारी पहाटे याच गाड्या नंदी बेट्टाच्या वाटेला लागतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र जमतात आणि आजोबांच्या वयाच्या गाड्या नातवांनी घासूनपुसून आणलेल्या दिसतात. यात वाह्यातपणा कुठे आहे?

आता ‘कस्टम’ म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. कंपनीने हजारोंनी बनविलेली गाडी घ्यायची, ती पार खोलायची आणि एका माणसाच्या उंचीला, हाताला आणि आवडीला साजेल अशी पुन्हा उभी करायची. पुढचा चिमटा लांबवून गाडी मागे रेलली की चॉपर. मडगार्ड आखूड, सीट एक आणि फालतू पत्रा उतरवलेला की बॉबर. हँडल खाली घेऊन स्वार टाकीवर झुकला की कॅफे रेसर. ही नावे अमेरिकेतून आणि इंग्लंडातून आली हे खरे. पण हातोडी, भाता आणि पत्रा इथलाच आहे. हे काम चेष्टेचे नव्हे. हँडलखालचा गळा किती अंशांनी झुकवायचा, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. जास्त झुकवला तर सरळ रस्त्यावर गाडी धिमी आणि खंबीर, पण वळणावर जड. कमी झुकवला तर वळायला हलकी, पण वेगात हँडल थरथरते. चासीच्या नळीला दिलेला एक टाका कच्चा राहिला तर तो गॅरेजात तुटत नाही, रस्त्यावर तुटतो. त्यामुळे चांगला मेस्त्री बोलतो कमी आणि मोजतो जास्त.

या कामाला नाक मुरडण्याचा अधिकार निदान आपल्या भागाला तरी नाही. १८८८ साली याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले. मुंबईच्या तंत्रशाळेत शिकविणारा मास्तर दुचाकी विकतो आणि दुरुस्त करतो, हे त्या काळच्या पांढरपेशा घरांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. त्या दुकानातून पुढे वैरण कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याचे यंत्र उघडून पाहणे आणि ‘हे याहून बरे करता येईल’ असे म्हणणे, यातूनच उद्योग जन्माला येतात. अगदी अलीकडे मुंबईत अक्षय वर्दे यांनी चॉपर घडवायला घेतल्या, तेव्हा आपल्या आडनावाला षष्ठीचा प्रत्यय लावून कामाचे नाव ठेवले ‘वर्देंची’. इंग्रजी पाट्यांच्या या बाजारात मराठी व्याकरणाचा एक प्रत्यय असा मिरवतो, याचे कौतुक आपल्या किती घरांत झाले?

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते की, नोंदणीपुस्तकातला तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ आणखी ठळक केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आली. गोंगाटालाही शिक्षा आहे, नाही असे नाही. हवा आणि आवाजाचे नियम मोडून गाडी चालविणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड कायद्यात लिहिलेला आहे. कागदावर पाहिले तर दोघांचाही बंदोबस्त झाला.

पण कागद आणि रस्ता यांत फरक असतो. सायलेन्सर दोन-चार नटबोल्टांवर बसतो. पाना हातात असला की थोड्या वेळात निघतो आणि तेवढ्याच वेळात पुन्हा चढतो. तपासणीला जाताना कंपनीचा, रात्री मित्रांत फिरताना दुसरा. उपद्रवी माणसाला आपला गुन्हा घरी कोनाड्यात ठेवून येता येतो. कारागिराला ते शक्य नाही. कापलेली चासी एका रात्रीत जुळत नाही, बदललेला गळा झाकता येत नाही. तेव्हा कायद्याच्या हाती नेमका कोण लागणार? ज्याचे काम लपत नाही तो! दोन-तीन महिने राबून, पै-पै जोडून, टाका-टाका तपासून घडविलेली गाडी रस्त्यावर उभी दिसली की तो सरळसरळ पुरावा. आणि बार काढीत गेलेला पठ्ठ्या पुढच्या चौकात वळून गडप.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. गोव्याच्या मेस्त्र्यांनी कित्येक वर्षे जुन्या बुलेट कापून त्यांचे बॉबर केले. उंच हँडल, बसके सीट, पांढऱ्या पट्ट्याचे टायर असे ते ध्यान समुद्रकिनाऱ्यावर सगळ्यांच्या ओळखीचे झाले. २०२४ मध्ये रॉयल एन्फील्डने नेमके तेच रूप उचलले आणि ‘गोअन क्लासिक’ या नावाने साडेतीनशे सीसीची गाडी बाजारात आणली. जावाने त्याआधीच, २०१९ मध्ये, ‘पेराक’ नावाचा बॉबर ‘फॅक्टरी कस्टम’ म्हणून विकायला काढला होता. कंपन्यांचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यांनी रीतसर चाचण्या करून घेतल्या, शिक्के मिळवले, गाड्या विकल्या. पण ज्याची नक्कल शोरूमच्या काचेआड दोन लाखांच्या वर किंमत सांगते, ते अस्सल काम रस्त्यावर गुन्हा ठरते, हा न्याय कोणत्या पाठशाळेत शिकवतात? सुगरणीला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचे आणि तिच्याच हातची चव डबाबंद करून तिला विकायची, तसा हा प्रकार झाला.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही. ‘‘उद्या कुणीही उठेल, चासी कापेल, वेल्डिंग करील आणि दुसऱ्याच्या अंगावर घालील. त्याला आवरायचे कुणी?’’ अगदी बरोबर. असे कच्चे मेस्त्री आहेत, पुष्कळ आहेत. शोभेसाठी पुढचे मडगार्ड काढून टाकणारे आहेत, आरसे उतरवणारे आहेत, ब्रेककडे ढुंकूनही न पाहता इंजिनाची ताकद वाढवणारे आहेत. परंतु या आक्षेपाचे उत्तर ‘तपासा’ हे आहे, ‘बंद करा’ हे नव्हे. डॉक्टरांत वैदू घुसतात म्हणून आपण दवाखाने बंद करीत नाही, परीक्षा घेतो. कंपनीच्या गाडीत आणि मेस्त्रीच्या गाडीत कायद्याने मानलेला फरक कौशल्याचा नाही, चाचणीचा आहे. कंपनीच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होते, कारण हजारो गाड्यांवर तो खर्च विभागला जातो. एका गाडीसाठी एका मेस्त्रीने जावे आणि परवडेल एवढी फी भरून पास-नापास ऐकून यावे, असा दरवाजाच आपल्याकडे नाही. दरवाजा ठेवायचा नाही आणि खिडकीतून आला म्हणून चोर म्हणायचे, हे काही बरे नव्हे.

बरे, हे अशक्य आहे का? ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या घडविलेल्या मोटारसायकलची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर सोडण्याची रीत आहे. जर्मनीत केलेला बदल तपासनिसाला दाखवून नोंदणीच्या कागदांत चढवून घेता येतो. इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्याच कायद्यात गाडीला गॅसचे किट बसवायची सोय आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची मुभा आहे. म्हणजे बदल झाला की आभाळ कोसळते असे सरकारही मानत नाही. पंधरा वर्षांची झालेली दुचाकी तपासून तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून देण्याचे काम तर आरटीओ आजही करते. त्याच दारात आणखी एक टेबल मांडायचे आहे, इतकेच.

हे टेबल मांडायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? साऱ्या कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालये जिच्याशी जोडलेली आहेत, ती विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची कचेरी बेळगावात आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, लेथ आहेत, लोखंडाची नाडी ओळखणारी माणसे आहेत. तिकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या इंजिने खोलली-जोडली जातात. वेल्डिंगचा टाका भार देऊन तपासायचा, ब्रेकचे अंतर मोजायचे, दिवा-आरसे-मडगार्ड पाहायचे आणि आवाज यंत्राने मोजायचा, एवढेच हे काम. याला लागते ती इच्छा. ती असती तर आपली पोरे बंगळूरच्या गॅरेजात शिकाऊ म्हणून राबण्याऐवजी इथेच मेस्त्री म्हणून नावारूपाला आली असती.

आता मोर्चा दुसऱ्या पठ्ठ्याकडे. सायलेन्सरच्या पोटात पडदे आणि भोकांच्या नळ्या असतात. इंजिनातून धडाक्याने बाहेर पडणारा धूर त्यांच्यावर आपटून दमतो आणि त्याचा जोर मोडतो. हे पडदे उपटले की आवाज मोकळा सुटतो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पडदे उपटलेली गाडी तिच्या कितीतरी पलीकडे असते, हे सांगायला यंत्राचीसुद्धा गरज नाही. आणि यात मिळते काय? इंजिनाचे मिश्रण न जुळवता नुसता सायलेन्सर उघडला तर ताकद वाढत नाही. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीची तर ओढच बिघडते. म्हणजे यात ना कला, ना विज्ञान, ना वेग. आहे तो केवळ ‘माझ्याकडे बघा’ हा आक्रोश.

जुन्या बुलेटचा ठेका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तर या गोंगाटाची चीडच यावी. बिडाच्या इंजिनाची ती गाडी जड फ्लायव्हीलमुळे उभ्या जागी एकेक ठोका सावकाश मोजीत असे. तो आवाज यंत्राच्या श्वासाचा होता. २०१० च्या सुमारास धुराच्या नियमांपुढे ते इंजिन निवृत्त झाले. आजचे बार त्या ठेक्याचे वारस नव्हेत. पखवाज फुटला म्हणून पत्र्याचा डबा बडवावा, तसे ते आहेत.

पोलिसांनी यावर काढलेला उपाय आपण सर्वांनी पाहिला आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांवरून रोड रोलर फिरवायचा आणि फोटो काढायचा. अनेक शहरांत हा सोहळा झाला. टाळ्याही पडल्या. पण ते सायलेन्सर विकणारी दुकाने कुठे भुयारात नाहीत, भर बाजारात आहेत. ज्याने विकला त्याची पाटी तशीच, ज्याने पडदे उपटून दिले त्याचा पाना तसाच. रोलर जाताच दुसऱ्या दिवशी नवा माल. रोगाच्या मुळाशी न जाता नुसते अंथरूण उन्हात टाकायचे, त्यातलाच हा प्रकार.

ऑगस्ट २०२४ मध्ये बंगळूर-तुमकूर महामार्गावर, नेलमंगलाजवळ, पुढचे चाक उचलून कसरती करणाऱ्या पोरांना चिडलेल्या लोकांनी गाठले आणि त्यांच्या दोन स्कूटर उड्डाणपुलावरून खाली फेकून दिल्या. आपल्या गाड्या बंगळुरात शिरतात तो हाच रस्ता. जमावाने कायदा हातात घेतला, हे वाईटच झाले. पण त्या गाड्या कोणत्या होत्या, तेही ध्यानात घ्या. कुणा कलावंताने घडविलेले चॉपर नव्हेत, साध्या स्कूटर. उपद्रव गाडीच्या आकारात नसतो, स्वाराच्या डोक्यात असतो.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर तोही सोडायला नको. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची माणसे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. हेल्मेट न घालता दगावलेले ५०,०२९. यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. हे मागे बसलेले म्हणजे कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाची आई. कस्टमच्या नावाने मिरवणाऱ्या मंडळींना म्हणूनच मी सांगेन की, तुम्ही खरेच कारागिरांची जमात असाल तर आधी आपले घर झाडा. टाकीच्या रंगावर हजारो रुपये उधळून डोक्यावर टोपलीसारखे अर्धे हेल्मेट ठेवणारा आणि रात्री वस्तीतून बार काढणारा तुमच्या रांगेत उभा राहता कामा नये. त्याला तुम्ही आपला म्हणता, म्हणून जग तुम्हाला त्याच्यासारखा समजते.

आणि आईबापांनो, तुम्हालाही दोन शब्द. मुलगा गाडी कापतो म्हणून घरात रामायण करू नका. त्याला शांतपणे चार प्रश्न विचारा. टाका कुणी दिला? ब्रेक कुणी तपासला? हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे का? आणि सायलेन्सर कंपनीचा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो रंगून, सविस्तर देऊ लागला तर समजा, पोरगा काहीतरी शिकतो आहे. मग त्याच्यासाठी कायद्यात दार मागायला तुम्हीही त्याच्यासोबत उभे राहा. शेवटच्या प्रश्नाला तो हसून बगल देऊ लागला, तर मात्र रोड रोलरची वाट पाहू नका. पाना घरात असतोच. त्या रात्रीच नट सैल करा आणि कंपनीचा सायलेन्सर चढवल्याखेरीज किल्ली त्याच्या हाती देऊ नका.